शंभर मिली कुणाचे? गोळीतल्या साक्याची पार्श्वभूमी

साका, म्हणजे तळाशी बसणारा न विरघळलेला गाळ, फ्लास्कमधली जागा अडवतो, हे औषधवाल्यांच्या आधी साखरेच्या प्रयोगशाळांना कळलं. २६ ग्रॅम नमुना १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन लेड सबॲसिटेटने निवळला, की खाली बसलेला साका खुणेखालची जागा खायचा आणि पोलारिमीटर (प्रकाशाच्या वळणावरून साखर मोजणारं उपकरण) साखर जास्त दाखवायचा. म्हणून आधी खुणेपर्यंत भरून मग कोरडं लेड टाकायची रीत आली.

गोळीतलं औषध मोजतानाही तिची भुकटी फ्लास्कमध्ये द्रावकात मिसळतात. औषध विरघळतं, बाकीची न विरघळणारी पूड साका म्हणून उरते. मोठ्या डोसच्या गोळ्यांत हा दोष जाणवतच नाही. पॅरासिटामॉलच्या यूव्ही पद्धतीत (अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजणी) ०.१५ ग्रॅम औषधाइतकी भुकटी २०० मिलीत जाते. तिच्यातला साका जेमतेम काही मिलिग्रॅम.

घोळ आहे तो शब्दांचा. फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातलं) 'डायल्यूट टू १००.० मिली' म्हणजे साक्यासकट शंभर, आणि 'ॲड १००.० मिली' म्हणजे निव्वळ द्रावक शंभर. शिरपूर असो की जळगाव, टेबलावर दोन्हींचं 'शंभर करा' होतं. ५ मिलिग्रॅम औषधाची, २०० मिलिग्रॅम वजनाची गोळी घ्या. २० गोळ्यांची भुकटी ४ ग्रॅम, त्यातलं ३.९ ग्रॅम मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (गोळीतली न विरघळणारी भरण-पूड) धरलं तर ते सुमारे २.५ मिली जागा घेतं. द्रावण उरतं ९७.५ मिली आणि निकाल २.६ टक्के चढा येतो. लेबलवरच्या औषधाच्या खरं तर ८८.५ टक्केच असलेली गोळी ९०.८ दाखवून ९० ची किमान मर्यादा ओलांडते आणि रुग्णापर्यंत पोचते. याला किरकोळ म्हणता येत नाही.

१९९० च्या दशकात व्हॅलिडेशनचे, म्हणजे मोजणीची पद्धत पारखायचे, आंतरराष्ट्रीय नियम आले, अचूकतेसाठी तीन पातळ्यांवर किमान नऊ मोजण्या आल्या. ठरावीक औषधासोबत प्लॅसिबो (गोळीतली औषधाखेरीजची पूड) पूर्ण वजनाचा घातला तर रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी सापडलेलं औषध, १०२.६ टक्के येऊन दोष उघडा पडतो. चिमूटभर घातला तर झाकला जातो.

सरळ उपाय म्हणजे तीच भुकटी ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेणं, चूक ०.५ टक्क्यावर येते. नाहीतर द्रावक पिपेटने मोजून घालायचं आणि बूच घट्ट लावायचं. १०० आणि २०० मिलीत दोनदा करून साक्याचं आकारमान काढायची युक्ती कागदावर छान आहे, पण पहिल्या वाचनातली अर्ध्या टक्क्याची चूक त्या आकारमानात १ मिलीची होते.

खानदेशातल्या मे महिन्यात आणखी एक भर पडते. सोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी हलवून विरघळवणाऱ्या यंत्रातून) काढलेला मिथेनॉलचा फ्लास्क १० अंश गरम असतानाच खुणेपर्यंत भरला, तर गार झाल्यावर द्रावण १.२ टक्के आकसतं. ही चूकही निकाल वरच ढकलते, म्हणजे साक्याच्या चुकीत मिसळते. फ्लास्क आधी खोलीच्या तापमानाला आणायचा, खूण नंतर गाठायची.