आशयसूत्र आणि भाववृत्ती (ललित लेखनातील)

कथा, कविता, नाटक वा ललित लेख ज्या विचाराभोवती उभा राहतो तो विचार म्हणजे आशयसूत्र, आणि वाचताना मनावर जो भावरंग चढतो ती भाववृत्ती. बोलण्यात पहिल्याला ‘थीम’, दुसऱ्याला ‘मूड’ म्हणतात. विषय व आशयसूत्र यांत गल्लत होते. वाड्याची विक्री हा विषय झाला. घर गेले तरी अंगातल्या सवयी जात नाहीत, हे आशयसूत्र.

भाववृत्तीचा विचार भारतीय परंपरेत रसचर्चेपासून, म्हणजे कलाकृतीतून मिळणाऱ्या भावास्वादाच्या चर्चेपासून, सुरू होतो. तिचा मूळ ग्रंथ म्हणजे भरताचे नाट्यशास्त्र; त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. चे दुसरे शतक यांदरम्यान मानतात, एकमत नाही. त्याच्या सहाव्या अध्यायातील सूत्रानुसार विभाव (भाव जागवणारी कारणे), अनुभाव (भाव प्रकट करणाऱ्या कृती) व व्यभिचारी भाव (येणारेजाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. या सूत्रात स्थायी भावाचा (शोकासारख्या टिकून राहणाऱ्या मुख्य भावाचा) उल्लेखच नाही, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. सूत्राचा अर्थ लावणाऱ्यांपैकी लोल्लटाने रसाची उत्पत्ती (निर्माण होणे), शंकुकाने अनुमिती (अनुमानाने कळणे), भट्टनायकाने भुक्ती (आस्वाद घेतला जाणे) व अभिनवगुप्ताने (सु. १० वे–११ वे शतक) अभिव्यक्ती (मनात असलेले प्रकट होणे) मानली. लेखनाच्या दृष्टीने शेवटचे मत अधिक उपयोगी वाटते, कारण त्यात वाचकाच्या मनातल्या वासनारूप, म्हणजे आधीच सुप्त असलेल्या, भावाला जागे करण्यावर भर आहे.

या चर्चेच्या मुद्रित इतिहासात बडोद्याचे स्थान मोठे आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ १९१६ मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेने झाला. याच मालेत १९२६ मध्ये मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला, अभिनवगुप्ताच्या अभिनवभारती टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड निघाला. पुढचे खंड अनेक वर्षे येत राहिले. हस्तलिखिते फार भ्रष्ट होती. त्यातही सातव्या, म्हणजे नेमक्या भावाध्यायावरील टीकेचा बहुतेक भाग उपलब्ध नाही, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे.

स्थायी भाव म्हणजेच आशयसूत्र, असे समीकरण कधी कधी मांडले जाते. ते स्वीकारणे कठीण आहे. शोक हा भाव आहे. शोकाबद्दल कथा काय म्हणते, ते सूत्र. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ (भावनेच्या पातळीवर दोन गोष्टी समान ठरणे) ही संज्ञा योजून प्रतिमा व भावना यांचे नाते वेगळ्या वाटेने मांडले.

प्रत्यक्ष लेखनात आशयसूत्र तपशिलांची निवड ठरवते आणि निवडलेले तपशील भाववृत्ती घडवतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातील विकलेल्या वाड्याची कथा घेऊ. पहिल्या खर्ड्यात वाक्य असते : ‘घरात उदास वातावरण होते.’ काव्यशास्त्राने याला स्वशब्दवाच्यता म्हणून दोषच मानले आहे. भावाचे नाव घेतल्याने भाव जागत नाही. दुसऱ्या खर्ड्यात : ‘झोपाळा सकाळीच उतरवला होता. तुळईला नुसत्या कड्या उरल्या होत्या. आजी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि रिकाम्या जागेला वळसा घालून आत गेली.’ इथे उतरवलेला झोपाळा विभावाचे काम करतो व वळसा अनुभावाचे. ‘उदास’ शब्द गेला, उदासी आली. सवय उरते हे सूत्रही त्याच वळशात आले. आजी मजुरांशी गुजरातीत बोलते आणि देव हलवताना मराठीत पुटपुटते, हा तपशील बडोद्याच्या मराठी घरात खराच असतो, आणि तो सूत्राला धरूनही आहे. सूर्यास्ताच्या वेळचे सुरसागर तळे मात्र या कथेत गाळावे : देखणे असले तरी ते कुठल्याही कथेत बसेल.

भाववृत्ती अखेरपर्यंत एकसुरी असावी असे नाही. व्यभिचारी भाव येतात-जातात म्हणूनच स्थायी भाव पुष्ट होतो. झोपाळ्याची साखळी कोणी न्यायची यावरून दोन नातवंडांत जुंपली आणि आजीला हसू फुटले, तर तो वळसा अधिक लागतो. वाक्यांची लांबी, क्रियापदांचा काळ व निवेदकाचे अंतर यांचाही भाववृत्तीवर परिणाम होतो.