कागदावरची सपाट रेषा

माझा सव्वादोन वर्षांचा भाचा हाक मारली तरी वळायचा नाही. बोलायचा तेही तीन-चार शब्द. आई म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात. शेजारच्या अक्का म्हणायच्या, घरात मराठी, खेळताना तेलुगू, दुकानात कन्नड, मग पोर गोंधळणारच. सोलापुरात हे कारण बरेच जण सांगतात, आणि ते चुकीचं आहे. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही. पण त्या नीट ऐकू तर यायला हव्यात.

अशोक चौकाजवळच्या आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट असते. त्यामुळे घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलतात. तेवढ्या आवाजात बोललेलं त्याला कळायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही. कान दुखला नाही, फुटला नाही, ताप नाही. शेवटी वहिनी आणि मी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

वहिनीने त्याला मांडीवर घेऊन एका हाताने त्याचे दोन्ही हात धरले, दुसऱ्याने कपाळ छातीशी दाबलं. डॉक्टरांनी कानाची पाळी खाली-मागे ओढून (मोठ्यांची वर ओढतात) पडदा पाहिला. मग मऊ रबराचं बोंड कानात बसवलं. हे यंत्र कानातल्या हवेचा दाब कमी-जास्त करतं, सोबत एक सूर सोडतं आणि त्यातला किती आवाज परत येतो ते मोजतं. पडदा मोकळा हलत असेल तर कागदावर डोंगर उमटतो. त्याच्या दोन्ही कानांची रेषा सपाट आली. पडद्यामागे पाणी होतं.

हे पाणी आंघोळीचं नव्हे. पडद्यामागच्या पोकळीत हवा असते आणि तिथलं अस्तर ती सतत शोषत राहतं. नवी हवा नाकामागून एका नळीने येते. गिळताना, जांभई देताना ती नळी क्षणभर उघडते. १६व्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्यावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसाची नळी साधारण ३५ मिलिमीटर लांब आणि उतरती असते, तान्ह्या बाळाची जेमतेम निम्मी आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजली किंवा नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढली, की वाट बंद. आतला दाब घटतो, अस्तरातून पाणी पाझरतं आणि पुढे गोंदासारखं घट्ट होतं.

अशा कानाला बहुधा २० ते ३० डेसिबल कमी ऐकू येतं, कानात बोटं घातल्यासारखं. स्वर जोरकस असतात, ते पोचतात. स, त, फ यांसारखी हलकी व्यंजनं गळतात. मराठीत तर 'घरात' आणि 'घराला' यांतला फरक शेवटच्या अक्षरावर असतो. तो ऐकूच आला नाही तर मूल शिकणार कुठून? हट्टी म्हणून मी त्याला दोनदा रागावले होते, ते अजून टोचतं.

आईने कोमट तेल सुचवलं. पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्यामागे पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर आत जाऊन अपायच करतं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या औषधानेही हे पाणी हटत नाही. बऱ्याच मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. औषध न लिहिणारा डॉक्टर आपल्याला पटत नाही, पण इथे तेच बरोबर होतं. पाणी टिकलं आणि ऐकू कमीच येत राहिलं, तर पडद्याला बारीक छेद देऊन ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. बहुतेकदा ती सहा महिने ते वर्षभरात स्वतःच गळून पडते. मात्र कान वाहू लागला किंवा कानामागे सूज आली, तर एक दिवसही दवडू नये.

घरातली विडी बंद झाली, कारण धुराने हा त्रास वाढतो. निजवून बाटलीने दूध पाजणंही थांबवलं. आणि आम्ही त्याच्यासमोर बसून, त्याला आमचं तोंड दिसेल असं बोलू लागलो.

तीन महिन्यांनी डाव्या कानाच्या कागदावर छोटा डोंगर उमटला. हल्ली माग थांबले की तो खिडकीकडे बघतो. उजवी रेषा अजून सपाट आहे. तिच्यासाठी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधीची तारीख मिळाली आहे.