‘लपाछपी’च्या मागे उभा असलेला ऊस

मार्च २०१७. सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात बेकायदा गर्भपात करताना एका तरुण बाईचा जीव गेला. तपास सुरू झाला आणि गावालगतच्या ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. पुढचे काही आठवडे मराठी वर्तमानपत्रांत याच बातम्या होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जुलै २०१७ला, दिग्दर्शक विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट चित्रपटगृहांत लागला. चित्रपट आधीच तयार झाला होता, त्यामुळे तो म्हैसाळवर बेतलेला असण्याचा प्रश्नच नाही. पण त्या पावसाळ्यात तो पाहताना म्हैसाळ डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

समीक्षकांनी दखल घेतली, भयपटांच्या चाहत्यांनी एकमेकांना तो आवर्जून सुचवला. तरीही ‘लपाछपी’ला त्याच्या तोलामोलाची जागा मिळाली असं मला आजही वाटत नाही. मराठीतल्या चांगल्या चित्रपटांच्या याद्या निघतात तेव्हा भयपट म्हणून तो बाजूला राहतो, आणि भयपटांच्या गप्पा निघतात तेव्हा लोक त्याच्या हिंदी रूपाविषयी बोलतात. म्हणून तो ज्या मातीतून उगवला त्या मातीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं.

गोष्ट वरवर साधी आहे. आठ महिन्यांची गरोदर नेहा आणि तिचा नवरा तुषार. डोक्यावर कर्ज, मागे लागलेले वसुलीवाले. शहरातून काही दिवस गायब व्हायचं म्हणून दोघं ड्रायव्हर भाऊरावच्या गावाकडच्या घरी येतात. घर गावापासून लांब, चारही बाजूंनी उभा ऊस. तिथे भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाचं सगळं मायेनं करते: खाऊ घालते, तेल लावते, काय करायचं आणि काय नाही ते सांगते. मग नेहाला मुलं दिसायला लागतात. ती लपाछपी खेळत असतात आणि नेहालाही खेळात ओढू पाहतात. अंगाईचे सूर ऐकू येतात. पुढे तुळसाबाईच्या तोंडून एका सुनेची आणि तिच्या भुताची हकिकत कळते. त्या हकिकतीत कोण खरं आणि कोण खोटं, यावर सगळा चित्रपट तोललेला आहे, त्यामुळे शेवट इथे फोडणार नाही. मुळात मुलगी नको असणारं घर आहे, एवढं सांगायला हरकत नाही. तसं अनेकांना आता ठाऊकही आहे.

मराठी भुतांचं पिढीजात ठिकाण म्हणजे पिंपळ, आड, पडका वाडा, कोकणातली दाट झाडी. फुरियांनी हे सगळं सोडून ऊस निवडला, आणि मला वाटतं या चित्रपटाचं अर्धं यश तिथेच ठरलं. आडसाली ऊस शेतात सोळा ते अठरा महिने उभा असतो. दहा-बारा फूट वाढला की आत शिरलेल्याला दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. पाचटाची पाती हातापायांना कापतात, आणि वारा सुटला की त्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत. जुन्नर भागात तर बिबट्यांनी उसालाच घर केलंय. माद्या उसात पिल्लं घालतात आणि तोडणीच्या वेळी ती मजुरांना सापडतात. उसात पाऊल टाकताना वाटणारी भीती तिथल्या माणसाला नवी नाही. ती पडद्यावर आणायला वेगळा सेट लागला नाही, की डोळे दिपवणारी करामत लागली नाही.

पण उसाचा इतिहास यापेक्षा खोल आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुबत्ता आणली ती याच पिकानं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या आसपास धुराडं पेटलं. पुढच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने, सूतगिरण्या, शिक्षणसंस्था, बँका यांचं जाळंच उभं राहिलं. आणि २००१च्या जनगणनेत, सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली किती हे मोजलं गेलं तेव्हा, ऊसपट्ट्यातल्या सधन सांगलीत तो आकडा ८५१ होता आणि कोल्हापुरात ८३९. पैसा आला, शिक्षण आलं, सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं, आणि मुली कमी झाल्या. मुलगी नको असणं हे गरिबीचं आणि अडाणीपणाचं लक्षण, अशी आपली सोयीची समजूत असते. हे आकडे ती टिकू देत नाहीत.

उसाची दुसरी बाजू बीडची. तिथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं तोडणीला बाहेर पडतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फेडायला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. बाई आजारी पडली, तिला दिवस गेले, पाळी आली, तरी खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. याच बीडमध्ये मुलींचं प्रमाण २००१ साली ८९४ होतं आणि २०११ साली ८०७वर आलं. २०१२ साली परळीत गर्भपातानंतर एका बाईचा मृत्यू झाला आणि तिथला धंदा उघडकीला आला. त्या प्रकरणातल्या डॉक्टर दांपत्याला २०१९ साली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ‘लपाछपी’तलं जोडपंही कर्जापायीच उसात येतं. दिग्दर्शकानं ही सांगड जाणून घातली असो वा नसो, उचल घेऊन फडात उतरलेल्या बाईची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती लागल्याशिवाय राहत नाही.

भुतांची बाजूही जुनी आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली. १९०९ साली त्यांचा खून झाल्यावर एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ती संपादित करून छापली. त्यातली कोकणातल्या भुतांची यादी वाचण्यासारखी आहे. पुरुषांची भुतं बहुधा अपुऱ्या इच्छेची, पुरलेल्या धनाची, मुंज झालेल्या पण लग्न न झालेल्या पोराची. बायकांची भुतं मात्र पुन्हा पुन्हा बाळंतपणापाशी येऊन थांबतात. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते, अळवंत होते. पुढून भरलेली आणि पाठीमागून नुसता सांगाडा, असं हडळीचं वर्णन सगळीकडे सापडतं. अशी बाई परत घरात येऊ नये म्हणून तिच्या अंत्ययात्रेमागे राळे किंवा मोहऱ्या उधळायच्या, म्हणजे ती दाणे वेचत बसेल. उंबऱ्यात खिळा ठोकायचा.

मला हे वाचताना नेहमी एकच दिसतं. ज्या बाईला दवाखाना मिळाला नाही, विश्रांती मिळाली नाही, वेळेवर दोन घास मिळाले नाहीत, तिच्या मरणानंतर घराला पहिली धास्ती वाटते ती तिच्या परत येण्याची. ती रागावलेली असणार हे घराला आतून माहीत असतं. का रागावली असेल, हे मात्र कुणी बोलत नाही. खिळा ठोकला की विषय संपतो. ‘लपाछपी’ने या समजुतीची सूत्रं तशीच घेतली, गरोदर बाई, मेलेली सून, पोरांचे जीव, आणि न बोललेला प्रश्न बोलून दाखवला. चित्रपट पुढे सरकतो तसं भुताविषयीचं भय कमी होत जातं आणि घराविषयीचं वाढत जातं. कंठ दाटतो तो तिथे.

आपल्याकडे चित्रपटात भूत आणणं सोपं नव्हतं. १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ची गाणी, त्यातलं ‘रात्रीस खेळ चाले’, आजही कार्यक्रमांत म्हटली जातात, पण त्या वाटेनं फार कुणी चाललं नाही. ‘एक डाव भुताचा’, ‘झपाटलेला’, ‘पछाडलेला’ अशी जी नावं पटकन आठवतात ती विनोदाची. कथा-कादंबरीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी वाचकांच्या पिढ्या रात्रभर जागवल्या, तेवढं बळ पडद्यावर उतरलं नाही. यामागे पैशाचं कारण आहेच. पण महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्धची चळवळही मोठी आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. ऑगस्ट २०१३मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा वातावरणात भुताची गोष्ट गंभीरपणे सांगायची तर ती भोंदूगिरीला खतपाणी घालणारी ठरू नये, ही जबाबदारी येतेच. ‘लपाछपी’ ती पार पाडतो. इथे उतारा, भगत, अंगारा यांनी काहीही सुटत नाही. उलट रीत म्हणून, घराणं म्हणून जे जे चालत आलंय, त्याच्याकडेच बोट जातं.

गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याचा इतिहासही इथेच, महाराष्ट्रात सुरू होतो. गर्भजलपरीक्षा सत्तरच्या दशकात देशात आली ती गर्भातले दोष शोधायला. थोड्याच वर्षांत तिचा वापर मुलगी शोधायला होऊ लागला, आणि ‘आज थोडे पैसे घाला, पुढचा हुंडा वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागायच्या. मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर स्त्री संघटना, डॉक्टर, आरोग्य कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन याविरुद्ध मंच उभारला. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीवर बंधनं घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, तो अमलात आला १९९६ला. तोवर सोनोग्राफी सर्रास झाली होती आणि कायदा बहुतेक कागदावरच राहिला. म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून २००३चे बदल आले आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्वर’ बसवले गेले; २०११ साली तिथला आकडा ८६३पर्यंत चढला. साताऱ्यात त्याच वर्षी ‘नकुशी’ नाव घेऊन वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना जिल्हा परिषदेनं समारंभ करून नवी नावं दिली. एवढं सगळं होऊनही राज्याचा आकडा १९९१ला ९४६, २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४ असा उतरत गेला. तीस वर्षांचा हा झगडा ज्यांनी पाहिला, त्यांना तुळसाबाई नवखी वाटणार नाही.

तुळसाबाईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण उषा नाईक यांच्या या कामाचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. ‘एक हजाराची नोट’मध्ये त्यांनी रंगवलेली गावाकडची गरीब, निर्मळ म्हातारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे धक्का बसतो. तीच माया, तोच हात डोक्यावरून फिरवण्याचा ढंग, आणि त्याच्याच आत एक कठोर ताबा. सुनेनं काय खावं, कुठे जावं, पोटात काय वाढवावं हे ठरवणारा तो आवाज आपल्या घरांत ऐकलेला असतो. त्यामुळे ती ओरडते तेव्हा नव्हे, ती समजावते तेव्हा अंगावर काटा येतो. समोर पूजा सावंत. ‘क्षणभर विश्रांती’ आणि ‘दगडी चाळ’मधून लोकांना माहीत झालेल्या या अभिनेत्रीनं इथे जड पोटानं धावणारी, धडपडणारी, थकलेली नेहा अंगानं उभी केली आहे. विक्रम गायकवाड आणि अनिल गवस यांच्या भूमिका शांतपणे काम करतात. मोजकी माणसं, एक घर आणि शेत, एवढ्यावर हा डोलारा उभा आहे. मधल्या भागात घाबरवण्याच्या जागा थोड्या जास्त झाल्या आहेत, दोन-तीन कमी केल्या असत्या तर शेवट अधिक बोचला असता.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये फुरियांनीच त्याचं हिंदी रूप ‘छोरी’ नावानं ॲमेझॉन प्राइमवर आणलं. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ त्यात होत्या. ऊस तिथेही राहिला. देखणेपण वाढलं, चित्रपट देशभर पोचला, २०२५ला दुसरा भागही आला. मीता वशिष्ठ यांचं काम उत्तम आहे. तरी मला मूळ चित्रपटच अधिक खोल वाटतो. हिंदीत ते घर लांब कुठेतरी आहे असं वाटत राहतं. मराठीत ते आपल्या एसटीच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं. २०२५मध्येच फुरियांचा काजोलला घेऊन केलेला ‘माँ’ही आला, आणि आई-मुलीच्या जिवाचा धागा तिथेही सुटलेला नाही.

२०१८चा ‘तुंबाड’ २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्याच साली ‘मुंज्या’नं कोकणातलं भूत हिंदी प्रेक्षकांत गाजवलं. मराठी मातीतल्या भयाला प्रेक्षक आहे हे आता सिद्ध करायची गरज नाही. ‘लपाछपी’ हे दोन्ही येण्याआधी मराठी बोलत, मराठी शेतात उभा राहिला होता. कुणा वितरकानं तो पुन्हा चित्रपटगृहांत आणावा, आणि फक्त पुण्या-मुंबईत न आणता सांगली, कोल्हापूर, बीडमध्येही लावावा. पाचटाचा तो आवाज मोबाईलच्या स्पीकरमधून ऐकण्यासाठी केलेला नाही.