लैंगिक संसर्गांची नियमित तपासणी (बडोदा)

लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग, म्हणजे एचआयव्ही, उपदंश, परमा (गनोरिया), क्लॅमिडिया, हिपॅटायटिस बी इत्यादी, काहीही त्रास होत नसताना ठरावीक अंतराने तपासून घेण्याची पद्धत. या व्याख्येत भर आहे तो 'त्रास होत नसताना' या शब्दांवर. लघवीला जळजळ सुरू झाली, जांघेत गाठ आली म्हणून डॉक्टर गाठणे हा उपचाराचा भाग झाला. तपासणी असते ती धडधाकट माणसासाठी, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

नावांचा घोळ. मराठीत या आजारांना पूर्वी 'गरमी' आणि 'परमा' म्हणत. गरमी म्हणजे उपदंश. सोळाव्या शतकातल्या वैद्य भावमिश्राने त्याला 'फिरंग रोग' हे नाव दिले, कारण तो फिरंग्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर, आला अशी समजूत होती. दुसऱ्याच्या अंगावर आजार ढकलण्याची खोड तेव्हापासूनची. पुढे भिंतींवरच्या जाहिरातींनी सगळ्यांना मिळून 'गुप्तरोग' हा शब्द रूढ केला. बडोद्याच्या मराठी माणसापुढे आणखी एक गंमत वाढून ठेवलेली असते: गुजरातीत 'जातीय' म्हणजे लैंगिक. 'जातीय रोग' ही पाटी नव्याने आलेला पुणेकर वाचतो आणि गोंधळतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्याला तिचा अर्थ कळतो, पण पाटीखाली उभे राहायला तोही कचरतो.

'गुप्त' हा शब्द वैद्यकीय अर्थानेही खराच आहे, फक्त वेगळ्या कारणाने. हे आजार लोकांपासून लपवले जातात त्याहून जास्त ते रोग्यापासूनच लपून राहतात. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही जाणवत नाही. बीजवाहिन्या खराब होऊन मूल राहत नाही तेव्हा शोध सुरू होतो. उपदंशाची पहिली जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरूनही येते. माणसाला वाटते, बरे झाले. जंतू मात्र अंगातच असतात आणि वर्षानुवर्षे गप्प राहू शकतात. एचआयव्हीत सुरुवातीला तापासारखा त्रास झाला तर होतो, आणि मग उपचाराविना आठ-दहा वर्षेही धड जाऊ शकतात. त्या काळात लागण पुढे जात राहते.

कोणती चाचणी काय पकडते. 'एकदा रक्त दिले की सगळे कळते' हा सर्वांत पसरलेला गैरसमज. एचआयव्ही, उपदंश आणि हिपॅटायटिस बी रक्तात सापडतात. परमा आणि क्लॅमिडियासाठी लघवीचा नमुना किंवा जननमार्गातला स्वॅब लागतो, आणि संबंध ज्या प्रकारचे असतील त्याप्रमाणे घशातला किंवा गुदद्वारातलाही. म्हणून डॉक्टरने खासगी प्रश्न विचारले तर ते भोचकपणाने नव्हे. उत्तराशिवाय नमुना कुठून घ्यायचा हेच ठरत नाही.

उपदंशाच्या व्हीडीआरएल आणि टीपीएचए या दोन रक्तचाचण्यांत फरक आहे, आणि तो न कळल्याने माणसे विनाकारण घाबरतात. व्हीडीआरएलचा आकडा, म्हणजे नमुना किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते ते, उपचारानंतर उतरतो. १:३२ वरून १:८ वर आला, म्हणजे चार पटींनी उतरला, तर औषध लागू पडले असे समजतात. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की बहुधा जन्मभर तशीच राहते. पूर्ण बरा झालेला माणूस पाच वर्षांनी टीपीएचएचा कागद घेऊन धास्तावून येतो तो यामुळे.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: तो आजचा नसतो. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात; याला विंडो पिरियड म्हणतात. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या एचआयव्ही चाचणीसाठी हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. प्रतिपिंडांसोबत विषाणूचे प्रथिनही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळा चाचणीसाठी तो सुमारे ४५ दिवस असतो. शनिवारी रात्री जोखीम घेऊन सोमवारी सकाळी काढलेला निगेटिव्ह रिपोर्ट शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. 'नियमित' या शब्दाचे कारण हेच. एक रिपोर्ट म्हणजे आयुष्यभराचा दाखला नव्हे. सोमवारी चाचणीपेक्षा उपयोगी असते ती पीईपी, म्हणजे संपर्कानंतर घ्यायची प्रतिबंधक औषधे: ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, आणि पुढे २८ दिवस न चुकता.

रक्तदानाला जाऊन फुकटात एचआयव्ही तपासून घेण्याची युक्ती काही जण लढवतात. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे. पण विंडो पिरियडमधले रक्त त्या चाळणीतून निसटू शकते आणि ते कुणा अनोळखी रुग्णाला चढते. ही युक्ती नव्हे, अपराध आहे.

बडोद्यातली सोय. शहरातले मुख्य केंद्र म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, सगळ्यांच्या तोंडी एसएसजी. गायकवाडी काळात त्याचे नाव काउंटेस ऑफ डफरिन होते. १९४९ मध्ये सुरू झालेले बडोदा मेडिकल कॉलेज त्याला जोडलेले आहे. या कॉलेजात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची लैंगिक संसर्गांसाठीची प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळा आहे. देशात अशा मोजक्याच प्रयोगशाळा असून नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांतले आणखी एक. रावपुऱ्यातल्या माणसाच्या चालण्याच्या अंतरावर ही व्यवस्था असते आणि त्याला तिचा पत्ता नसतो.

सरकारी रुग्णालयांतल्या 'आयसीटीसी'त, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. आधी काउन्सेलर बोलतो, संमती घेतो, मग रक्त. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीचा संशय दाखवणारी, आली तर त्यावर शिक्का मारत नाहीत. वेगळ्या तत्त्वावरच्या आणखी दोन चाचण्या होतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबमधल्या एकाच रॅपिड कार्डावरून कोसळलेल्यांनी हे लक्षात घ्यावे. इतर लैंगिक संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथल्या औषधांचे संच रंगांनी ओळखले जातात: लघवीच्या मार्गातून स्राव असेल तर राखाडी, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरा, पेनिसिलिन चालत नसेल तर त्याच व्रणासाठी निळा, नागिणीच्या जातीचे फोड असतील तर लाल. ही पद्धत लक्षणांवर चालते. ज्याला लक्षणेच नाहीत त्याला कोणताच रंग मिळत नाही, आणि अशांसाठीच तपासणी मागून घ्यावी लागते.

समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांना रुग्णालयाच्या रांगेत जे सोसावे लागते ते टाळण्यासाठी गुजरातेत संस्थांचे काम उभे राहिले. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००० मध्ये स्थापन केलेला लक्ष्य ट्रस्ट हे त्यातले ठळक उदाहरण.

बडोद्याच्या मराठी वस्तीचा अडसर भाषेचा नाही; काउन्सेलरशी बोलण्याइतके गुजराती सगळ्यांनाच येते. अडसर ओळखीचा आहे. केसपेपर काढायच्या खिडकीवर मावशीच्या शेजारच्या काकू भेटतील ही भीती विषाणूच्या भीतीपेक्षा मोठी ठरते. यावर कायद्याचे उत्तर आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरी, शाळा, उपचार वा भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. काकूंवर कायदा कितपत चालतो हा प्रश्न वेगळा. तपासणीसाठी दुसऱ्या भागातले केंद्र निवडायला कुणाची मनाई नाही, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

किती वेळा. सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही. प्रत्येक प्रौढाने एकदा तरी एचआयव्ही तपासून घ्यावी. जोडीदार बदलत असतील तर वर्षातून एकदा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि उपदंश या दोन्हींची तपासणी सांगितली आहे. नवा जोडीदार, कंडोम फाटणे, जोडीदाराला लागण असल्याचे कळणे ही कारणे वेळापत्रकाची वाट न पाहण्याची. लग्नाआधी पत्रिकेसोबत रिपोर्ट जुळवण्याची सूचना अधूनमधून होते. दोघांनी आपखुशीने केले तर उत्तम, पण वधूपक्षावर लादायची अट म्हणून नव्हे.

गरोदरपणात मात्र चालढकल नको. एचआयव्ही आणि उपदंश या दोन्ही चाचण्या पहिल्या तिमाहीतच व्हायला हव्यात. ममता कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचे सरकारी कार्ड, निघते तेव्हा रक्त घेतले जाते, पण त्यात काय तपासले हे बाईने स्वतः विचारावे. एचआयव्ही असलेल्या आईला उपचार मिळाले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. सुरुवातीच्या उपदंशासाठी तर बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन बहुधा पुरते. इतक्या स्वस्त औषधाच्या अभावी मूल पोटातच दगावू शकते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर. भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख आहे. एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधे, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या सीडी-४ पेशी कमी होण्याची वाट पाहत नाहीत. एसएसजीत एआरटी केंद्र आहे. गोळ्या रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. परमा, क्लॅमिडिया आणि उपदंश पूर्ण बरे होतात, पण जोडीदाराचे औषध राहिले तर तेच संसर्ग परत येतात. म्हणून सुरक्षा क्लिनिकमध्ये औषध देताना 'बायकोला आणता का?' असे विचारतात. बायकोऐवजी दुसरे कुणी असेल तर त्या माणसालाही औषध मिळते.