कच्च्या तेलाचा भाव आणि पंपावरचा भाव

"तेल एवढं उतरलं, मग पेट्रोल का उतरत नाही?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण बातमीत सांगतात तो भाव कच्च्या तेलाचा, पिंपामागे डॉलरमध्ये. पंपावर मिळतो तो रिफायनरीतून निघालेला तयार माल. या दोन वस्तूंचे बाजार वेगळे आहेत.

आधी आकडे मांडून बघू. एका पिंपात सुमारे 159 लिटर तेल असतं. पिंप 80 डॉलरला असेल तर कच्चं तेल लिटरला जेमतेम 50 सेंट पडतं. समजा पंपावर लिटरला दीड डॉलर मोजावा लागतो. वरचा एक डॉलर शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन आणि कर यांचा. आता पिंप 40 डॉलरवर आलं आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर पेट्रोल सव्वा डॉलर होईल. कच्चं तेल निम्म्यावर आलं, पेट्रोल फक्त सहाव्या हिश्शाने उतरलं. (कर टक्केवारीत असेल तर आणखी थोडं उतरेल.)

याहून बोलकं उदाहरण अमेरिकेचं. जुलै 2008 मध्ये पिंप 147 डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा तिथलं पेट्रोल गॅलनला (सुमारे 3.8 लिटरला) सरासरी 4.11 डॉलर होतं. जून 2022 मध्ये पिंप 120 डॉलरच्या आसपास, म्हणजे स्वस्तच, तरी पेट्रोल पाच डॉलरच्या वर गेलं! केंद्रीय कर दोन्ही वेळी तोच होता, गॅलनला 18.4 सेंट, 1993 पासून तो जवळपास तेवढाच राहिला. अडचण मधल्या टप्प्यात होती. कोविडच्या काळात काही रिफायनऱ्या कायमच्या बंद झाल्या, मागणी मात्र परतली. कच्चं तेल मिळत होतं, ते गाळायची क्षमता अपुरी पडली. त्यामुळे कच्चं तेल आणि तयार पेट्रोल यांच्या भावातलं अंतर, म्हणजे रिफायनरीचा नफा, वाढलं. हा नफा बातम्यांत क्वचितच येतो, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा (ठरलेल्या महिन्यात माल देण्या-घेण्याचा आगाऊ सौदा) पिंपामागे उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, म्हणजे विकणाराच वर पैसे देत होता. मे महिन्याच्या त्या वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि तेल साठवायला टाक्या मिळत नव्हत्या. पंपावर त्या दिवशीही पैसे मोजावेच लागले.

शिवाय चलन. पिंप जागचं हललं नाही, पण डॉलर दहा टक्क्यांनी महागला, तर आयात करणाऱ्या देशाचं कच्च्या तेलाचं बिल दहा टक्क्यांनी फुगतं.