व्हीलचेअर, वजन आणि काट्याची फसवणूक

मज्जारज्जूला इजा होऊन वर्ष उलटलं, वजन आहे तेवढंच आहे, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण इजेखालचे स्नायू झडतात, चरबी साठते आणि बेरीज तीच राहते. म्हणून अशा व्यक्तींमध्ये बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२ च्या वर गेला की स्थूलपणा धरावा, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. १७० सेंटिमीटर उंचीला हे वजन ६३-६४ किलो भरतं. उंची अर्थातच आडवं झोपवून मोजायची.

स्नायू घटले की बसल्याजागी होणारा कॅलरींचा खर्चही घटतो. फक्त पाय लुळे असतील तर दिवसाला किलोमागे साधारण २८ कॅलरी लागतात, हातांचीही शक्ती गेली असेल तर २३. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १६८० किंवा १३८०. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. इंदूरच्या घरात पोह्यांवर मूठभर शेव आणि शेजारी जलेबी नसेल तर पाहुणा रुसतो. पण खरं वजन या शेव-जलेबीतच आहे. पोहे खुशाल खा, शेव चिमूटभर घ्या. व्यायामाने ही शेव जिरेल या भ्रमात मात्र राहू नका. व्यायाम हवा तो हृदय, रक्तातली साखर आणि खांद्यांसाठी.

वजनासाठी धान्याच्या किंवा भंगाराच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा चालतो. चारही चाकं प्लेटवर पूर्ण बसली पाहिजेत; दोन फुटी प्लेट बहुतेकदा अपुरी पडते. लघवीची पिशवी रिकामी करून खुर्चीसकट वजन घ्या, मग गादी आणि फूटरेस्टसह रिकाम्या खुर्चीचं घेऊन वजा करा. कंबर झोपून, श्वास सोडल्यावर, शेवटच्या बरगडीखाली मोजा. ९४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर हृदयविकाराचा धोका वाढलेला समजा.

व्यायामाचं किमान माप असं: आठवड्यातून दोनदा २० मिनिटं दम लागेल असं खुर्ची ढकलणं किंवा हाताने पेडल मारणं, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट. साखर-कोलेस्टेरॉलसाठी ढकलणं ३० मिनिटं, तीनदा. ताकदीसाठी ब्रेक लावा, इलॅस्टिक पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि कोपरं मागे खेचा. ढकलताना छातीचे स्नायू दिवसभर राबतात, पाठीमागचे आळसावतात. खांदेदुखीचं बरंचसं मूळ तिथेच आहे. ढकलताना धक्के छोटे नकोत, लांब द्या. हात सुटला की चाकाच्या रिमच्या (ढकलायच्या कड्याच्या) खाली येऊ द्या. टायरमधली हवा कमी ठेवून ‘जास्त व्यायाम’ करणारेही भेटतात. त्याची किंमत खांदा मोजतो.

इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल तर नाडीच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण ठोके पुरेसे वाढतच नाहीत. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम बरोबर. इजेखाली घामही नीट येत नाही, म्हणून मे महिन्यात कॉलनीतला फेरफटका सकाळी सातच्या आत, सोबत पाण्याची फवारणी बाटली. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब भडकला असण्याची शक्यता आहे. सरळ बसवा, पट्टे सैल करा, कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली आहे का पाहा. उतार पडला नाही तर थेट इस्पितळ.

व्यायामानंतर आरशात ढुंगणाच्या हाडांवरची त्वचा तपासा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती पूर्ण जाईपर्यंत त्या भागावर बसणं बंद.