बिल कुणाच्या नावाने? परिचारिका चालवतात त्या अमेरिकी दवाखान्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत परिचारिकांनी चालवलेल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांची गोष्ट बहुतेक वेळा २०१० च्या आरोग्य कायद्यापासून ('ओबामाकेअर') सांगतात. काम त्याहून बरेच जुने आहे. १८९३ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये लिलियन वॉल्ड ही तरुण परिचारिका स्थलांतरित बायकांना घरगुती शुश्रूषा शिकवत होती. एके दिवशी एक लहान मुलगी बाळंत झालेल्या आपल्या आजारी आईसाठी तिला बोलवायला आली. त्या घरची अवस्था पाहून वॉल्डने मेरी ब्रूस्टरला सोबत घेतले आणि त्याच वस्तीत बिऱ्हाड थाटले. पुढे त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभे राहिले. आज अशा सर्वांगीण मदतीला 'एकात्मिक सेवा' म्हणतात, तसे तेव्हा कुणी म्हणत नव्हते. पण आजार, कोंदट खोली आणि घरातली चणचण, तिन्हींची दखल घरी येणारी परिचारिकाच घेत होती. १९०९ पासून मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी आपल्या विमेदारांकडे जाणाऱ्या परिचारिकांचे पैसेही देऊ लागली.

१९२५ मध्ये मेरी ब्रेकिनरिज यांनी केंटकीच्या डोंगरांत परिचारिका-सुईणी घोड्यावरून घरोघर पाठवायला सुरुवात केली. जिथे डॉक्टर पोचत नव्हते, तिथे परिचारिकेच्या अधिकारांवरून फारसा वाद होत नसे, हेही खरे.

१९६५ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे जादा प्रशिक्षण घेऊन स्वतः तपासणी आणि उपचार करणाऱ्या परिचारिकेचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वसाहतीत जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी सामुदायिक आरोग्य केंद्र उघडले. गायगर यांच्या मिसिसिपीतल्या केंद्रात तर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत.

मग डॉक्टरांच्या अशा केंद्रांच्या तुलनेत परिचारिकांचे दवाखाने मागे का राहिले? माझ्या मते अडचण कौशल्याची नव्हतीच, पैशाची होती. नर्सिंग महाविद्यालयांनी काढलेले बरेच दवाखाने अनुदानावर चालत. अनुदान आटले की कुलूप. नर्स प्रॅक्टिशनरला कुठेही आणि थेट आपल्या नावाने मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) बिल लावण्याची मुभा १९९७ च्या कायद्याने दिली, तीही डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्क्यांवर! सामुदायिक आरोग्य केंद्रांना अमेरिकी केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या नियमित निधीसाठी दवाखान्याच्या संचालक मंडळात निम्म्याहून जास्त सदस्य तिथल्या रुग्णांमधले हवेत, अशी अट आहे. नियम चांगला, पण ज्याचा कारभार विद्यापीठाच्याच हाती, अशा दवाखान्याला तो पेलणे कठीण. २०१० च्या कायद्याने या दवाखान्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. प्रत्यक्षात १० दवाखान्यांना मिळून दीड कोटी वाटले गेले.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात, पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामील झालेल्या नर्सिंग महाविद्यालयाच्या परिचारिकांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून अकराव्या रस्त्यावरचे केंद्र उभे राहिले. तिथे तपासणी, दातांचे उपचार आणि मानसोपचार एकाच छपराखाली मिळतात. आज निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे उपचार करू शकतात. पेनसिल्व्हेनियात मात्र त्यांना डॉक्टरांशी लेखी करार करावाच लागतो.